गोठलेल्या धबधब्याची परीक्षा

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हिवाळ्यात डोंगरावरचा बर्फ चढण्याजोगा झाला आहे की नाही हे कसे ठरवतात, हा आजचा विषय. आपल्या या किनारपट्टीवर हा विषय कशासाठी, असे काहींच्या मनात आले असेल. आपल्याकडे थंडी पडली म्हणजे अंगावर शाल घ्यायची, यापलीकडे फारसे काही घडत नाही. पण गेल्या सहामाहीत आपल्या ज्युनिअर कॉलेजच्या काही मुलांनी व तीन मुलींनी हिमालयातील हिवाळी शिबिराला जाण्याची परवानगी मागितली आहे. काही पालक म्हणाले, "सर, नको ही जोखीम." काही म्हणाले, "जाऊ द्या, मुले धीट होतील." दोन्ही पक्ष मनापासून बोलत होते, मात्र ज्या वस्तूवर मुले चढणार, त्या वस्तूविषयी कोणीच बोलत नव्हते. म्हणून आधी त्या वस्तूविषयी बोलू.

बर्फ आपल्याला अगदीच अनोळखी नाही. बंदरावर मासळीसाठी बर्फाच्या लाद्या येतात, त्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. ती लादी नीट पाहा. कडा काचेसारख्या स्वच्छ असतात आणि मधला गाभा पांढरा असतो. असे का? पाण्यात हवा विरघळलेली असते. पाणी बाहेरून आत गोठत जाते तशी ही हवा आत आत ढकलली जाते, आणि शेवटी मध्यभागी बुडबुड्यांच्या रूपाने अडकून बसते. म्हणजे पांढरा बर्फ हा हवा भरलेला बर्फ. दुसरी गोष्ट : कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या थंडगार लादीवर साधे पाणी ओतले तर ती तडतडते व तिला चिरा पडतात. बाहेरचा थर एकदम तापला आणि आतला थंडच राहिला, की ही ओढाताण होते. एवढ्या दोन गोष्टी ज्याला समजल्या, त्याला गोठलेल्या धबधब्याचे निम्मे शास्त्र समजले म्हणायला हरकत नाही.

आता धबधबा कसा गोठतो ते पाहू. पाण्याचा लोंढा मोठा असेल तर तो सहसा गोठत नाही. पाणीच नसेल तर गोठायला काही उरत नाही. हवी असते ती बारीक झिरपणारी धार आणि अनेक दिवस टिकून राहणारी थंडी. त्या धारेचे थरावर थर चढतात, वरून लोलक लोंबू लागतात, खालून ढिगारा वर येतो आणि एके दिवशी दोन्ही भेटून खांब तयार होतो. लडाखमध्ये, हिमाचलच्या स्पितीत असे धबधबे गोठतात व लोक ते चढतात. दोन्ही हातांत वाकड्या चोचीच्या कुऱ्हाडी आणि बुटांना क्रॅम्पॉन म्हणजे लोखंडी दात. दोर ओवण्यासाठी बर्फात आइस स्क्रू फिरवायचे. हे पोकळ नळीचे, सुमारे १० ते २२ सेंटिमीटर लांबीचे असतात. माझे स्वतःचे ज्ञान मनालीला केलेल्या प्राथमिक अभ्यासक्रमाइतके आणि त्यानंतरच्या वाचनाइतके आहे, हे येथेच सांगून टाकतो. तुमच्यापुढे कोणी मोठा गिर्यारोहक उभा नाही.

चढणारा पायथ्याशी येतो तेव्हा प्रथम रंग पाहतो. निळसर बर्फ दाट, सावकाश जमलेला. त्यावर सर्वसाधारणपणे भरवसा ठेवता येतो. दुधी पांढरा म्हणजे हवेचा. तो कुऱ्हाडीला सोपा, पण स्क्रूला कमकुवत. पिवळसर रंग बहुधा माती-खनिजे मिसळलेल्या पाण्याचा. राखी, काळपट दिसला तर समजावे की थर पातळ असून मागचा खडक दिसतो आहे. मग तो आवाज ऐकतो. कुऱ्हाड मारल्यावर भरीव, गच्च आवाज आला तर ठीक. मडक्यावर टिचकी मारल्यासारखा पोकळ आवाज आला, तर बर्फ आणि खडक यांच्यामध्ये जागा आहे. आमच्या आया-बहिणी बाजारात मडके घेताना हेच करतात. त्यांना कोणी पदार्थविज्ञान शिकवलेले नसते. शेवटी तो स्क्रू फिरवतो आणि नळीतून बाहेर पडणारी बर्फाची कांडी पाहतो. कांडी सलग आली तर आतला बर्फ एकसंध. मध्येच भुसा किंवा पाणी आले, किंवा हाताला जोर लागेनासा झाला, तर आत पोकळी.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. जितकी थंडी जास्त तितका बर्फ चांगला, असे आपल्याला वाटते. तसे नाही. शून्याच्या थोडे खाली तापमान असेल तेव्हा बर्फ जरा मऊ, चिवट असतो. कुऱ्हाड रुतते आणि बसते. उणे वीसच्या पलीकडे तोच बर्फ काचेसारखा ठिसूळ होतो; एका घावासरशी ताटाएवढी कपची सुटून खाली उभ्या असलेल्या साथीदाराच्या अंगावर जाते. त्याहून वाईट म्हणजे तापमानातील एकदम बदल. रात्रीत पारा खूप खाली आला की बर्फ आकसतो. खडकाला चिकटलेल्या पडद्याला आधार असतो, पण सुट्या उभ्या खांबाला वर आणि खाली अशी दोनच टोके. तो दोन्हीकडून ताणला जातो, आणि मग कुऱ्हाडीचा एक साधा घावही त्याला पुरतो. फ्रान्समधील संशोधकांनी आल्प्समधील अशा खांबांचा उपकरणे लावून अभ्यास केला आणि थंडीच्या अशाच तडाख्यात ते तुटण्याचा धोका वाढतो, असे त्यांना आढळले. ज्या सकाळी आपण म्हणू, "वा, काय कडक थंडी पडली!" ती सकाळ नेमकी खांबापासून दूर राहण्याची असू शकते.

ऊन हा दुसरा शत्रू. उन्हाचे किरण पारदर्शक बर्फातून आत जाऊन मागचा काळा खडक तापवतात. वरून बर्फ कोरडा, झकपक दिसतो आणि आतून पाण्याची धार त्याला खडकापासून सोडवत असते. आपण उत्तर गोलार्धात राहतो, म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या कड्यावर ऊन अधिक, उत्तरेकडच्या कड्यावर कमी. नकाशावर बोट ठेवून कडा कोणत्या दिशेला आहे हे सांगणे भूगोलाच्या तासाला कंटाळवाणे वाटते. येथे मात्र त्या उत्तरावर जीव अवलंबून असतो.

या परीक्षेची सर्वांत जुनी आणि नावाजलेली शाळा स्कॉटलंडमध्ये आहे असे मी म्हणेन. बेन नेव्हिस हा तेथील सर्वोच्च डोंगर, उंची १३४५ मीटर. आपले कळसूबाई शिखर त्याहून तीनशे मीटरने उंच आहे! हिमालयाच्या मानाने ते टेकाडच. पण समुद्र जवळ, हवा ओली, आणि हिवाळ्यात पारा शून्याच्या वर-खाली सारखा हेलकावे खात असतो. आज बर्फ पडतो, उद्या वितळतो, परवा गोठतो. असे चार-सहा वेळा झाले की भुसभुशीत हिमाचा घट्ट, कुऱ्हाड धरून ठेवणारा थर बनतो. म्हणून तेथील जाणकार माणूस शनिवारी कोठे जायचे ते केवळ शनिवारच्या हवेवरून ठरवत नाही. गेल्या पंधरा दिवसांत काय झाले ते तो पाहतो : हिम किती पडले, वारा कोणत्या दिशेने वाहिला, शून्याची रेषा किती उंचीवर होती, ऊब आल्यावर पुन्हा गोठण झाली की नाही. साधारण दर १००० मीटरला साडेसहा अंश पारा उतरतो, हे गणित तो घरीच बसून करतो. कड्यावरची माती आणि गवत पुरते गोठले नसेल तर तो चढत नाही, कारण एकतर ते हातात येते, आणि दुसरे म्हणजे दुर्मीळ रानवनस्पती उपटल्या जातात. ही दुसरी गोष्ट मला फार आवडली.

एक सूचना विद्यार्थ्यांसाठी. पुस्तकात प्रत्येक मार्गाला श्रेणी दिलेली असते : हा सोपा, हा मध्यम, हा कठीण. ही श्रेणी मार्गाची असते, त्या दिवसाची नसते. पातळ, फुगलेल्या बर्फातला "सोपा" मार्ग उत्तम बर्फातल्या "कठीण" मार्गापेक्षा भयंकर असू शकतो. मोबाइलवर परवा कोणी चढल्याचा फोटो दिसला, एवढ्यावर तर अजिबात जाऊ नये. परवाचा बर्फ परवाबरोबर गेला.

आता मान वर करून पाहू या. धबधबा गोठलेला असला तरी त्याच्या माथ्यावर काय आहे? बहुधा हिमाने भरलेली घळ. आणि घळ म्हणजे हिम खाली येण्याची वाट. जे हिमस्खलन माणसाला गाडते ते बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटते. त्याहून सौम्य उतारावर हिम सहसा घसरत नाही. त्याहून उभ्यावर ते साठत नाही, पडता पडताच गळून जाते. वारा हिम उचलतो आणि डोंगराच्या पलीकडच्या, आडोशाच्या बाजूला नेऊन टाकतो. तेथे त्याची घट्ट पाटी बनते व ती खालच्या कमकुवत थरावर नुसती टेकलेली असते. थंडीने काकडलेला माणूस साहजिकच आडोसा शोधतो, आणि पुष्कळदा धोका नेमका आडोशालाच साठलेला असतो. बहुतेक जीवघेण्या हिमस्खलनांत ती पाटी त्या माणसाच्या किंवा त्याच्याच सोबत्यांच्या वजनाने सुटलेली असते. गाडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर आशा असते. पुढे ती झपाट्याने मावळते.

स्कॉटलंडमध्ये हिवाळ्यात सहा डोंगरी भागांसाठी दररोज हिमस्खलनाचा अंदाज प्रसिद्ध होतो. आपल्याकडेही संरक्षण खात्याची संस्था काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडासाठी असे इशारे देते. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. तिसरी पायरी पाहून लोक म्हणतात, पाचापैकी तीन, म्हणजे मध्यम. ही शाळेच्या गुणपत्रिकेची सवय! तिसऱ्या पायरीचा अर्थ असा की काही उतारांवर एकट्या माणसाच्या वजनानेही हिम सुटू शकते.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडात द्रौपदी का डांडा या शिखरावर प्रशिक्षणार्थींच्या तुकडीवर हिमस्खलन आले. २७ मृतदेह सापडले, दोघे बेपत्ताच राहिले. त्यात सविता कंसवाल ही प्रशिक्षिकाही गेली. तिने त्याच वर्षीच्या मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरे केली होती. दोष कोणाचा हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण "उस्ताद सोबत आहेत ना, मग काळजी कसली?" असे म्हणणाऱ्या पालकांनी ही घटना लक्षात ठेवावी. उस्ताद हवेतच, पण हिमाला उस्ताद ओळखता येत नाही.

शिक्षक म्हणून मला त्याहूनही अधिक अस्वस्थ करणारी घटना जुनी आहे. नोव्हेंबर १९७१. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म पठारावर एडिंबरोच्या एका शाळेची पंधरा-सोळा वर्षांची मुले दोन तुकड्यांत निघाली. पठारावरच्या एका छोट्या निवाऱ्यात रात्र काढायची असे ठरले होते. वाटेत हिमवादळाने गाठले. जी तुकडी अधिक तरबेज होती ती निवाऱ्यापर्यंत पोहोचली आणि वाचली. दुसरीला निवारा गाठता आला नाही. त्या मुलांनी उघड्या पठारावर दोन रात्री काढल्या. पाच विद्यार्थी आणि अठरा वर्षांची एक सहायिका मरण पावली. तुकडीची प्रमुख स्वतः वीस वर्षांची होती. रांगत, खुरडत ती मदतीच्या शोधात निघाली, हेलिकॉप्टरमधील लोकांना दिसली, म्हणून शोध लागला. तिच्या तुकडीतला एकच विद्यार्थी जिवंत सापडला.

चौकशी झाली, मोठा वाद झाला. त्यातला एक मुद्दा विचार करण्यासारखा आहे. उंचावरचे ते निवारे ठेवावेत की पाडावेत? वरवर पाहता निवारा म्हणजे सुरक्षितता. पण विरोधी बाजूचे म्हणणे असे होते की निवारा वर आहे या भरवशावर लोक वाईट हवेतही वर जातात, आणि वादळात हिमाखाली गाडलेला निवारा सापडत नाही. अखेर १९७५ मध्ये ते पाडून टाकण्यात आले. मला स्वतःला तो निर्णय बरोबर वाटतो. ज्या योजनेला माघारीची वाट नाही, जी एका ठिकाणी पोहोचण्यावरच टांगलेली आहे, ती मुलांच्या बाबतीत करूच नये.

हवेची, बर्फाची, हिमाची परीक्षा झाली. राहिली आपलीच. इयन मॅकॅमन नावाच्या अभ्यासकाने अमेरिकेतील सातशेहून अधिक हिमस्खलन-अपघात तपासले. धोक्याच्या खुणा बहुतेक ठिकाणी डोळ्यांपुढे होत्या. मग माणसे का गेली? ओळखीची वाट म्हणून. एकदा ठरवले म्हणून. पुढारी म्हणाला म्हणून. दुसरे लोक जात होते म्हणून. यात मी आपल्याकडची एक भर घालतो : परतीचे रेल्वे रिझर्वेशन! महाराष्ट्रातून दीड-दोन हजार किलोमीटर जायचे, पैसे भरलेले, सुट्टी मोजकी, आणि गावात निरोपाचा सत्कारही होऊन गेलेला. अशा पथकाला "बर्फ बरोबर नाही" हे वाक्य ऐकूच येत नाही. एक वेळ सत्कार परत आल्यावर करा. आणि जाण्यापूर्वी करायचाच असेल तर "शिखर सर करूनच या" असे भाषण कोणी करू नका.

महंमद अली सदपारा हे नाव आपल्या मुलांना ठाऊक असायला हवे. स्कार्दूजवळच्या सदपारा गावचा हा माणूस ओझी वाहता वाहता गिर्यारोहक झाला. नंगा पर्वत, ८१२६ मीटर, हिवाळ्यात तोपर्यंत कोणीही चढलेला नव्हता. २०१५ च्या हिवाळ्यात तो आणि त्याचे सोबती शिखराच्या जवळ जाऊन परतले. पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा गेला; हवा उघडण्याची वाट पाहत पथकाने तळावर आठवडेच्या आठवडे काढले आणि २६ फेब्रुवारी २०१६ रोजी तिघे माथ्यावर पोहोचले. त्यांच्या बरोबरची तामारा लुंगर ही इटालियन गिर्यारोहक शिखर डोळ्यांसमोर असताना, अंगात परतीपुरतेच बळ उरले आहे हे ओळखून मागे फिरली. मला विचाराल तर त्या दिवशी पर्वतावर चौघांनी काम चोख केले. पुढे ५ फेब्रुवारी २०२१ रोजी के-टू पर्वतावर सदपारा दोन सोबत्यांसह बेपत्ता झाला. त्यांचे मृतदेह जुलैमध्ये सापडले. त्याचा मुलगा साजिद त्या दिवशी बरोबर होता. ऑक्सिजनच्या उपकरणात बिघाड झाल्याने तो ८२०० मीटरच्या आसपासून खाली उतरला, आणि म्हणून वाचला. इतका जाणता माणूसही जातो. म्हणून मी कोणालाही "काही होणार नाही" असे आश्वासन देणार नाही.

आणखी एक उदाहरण, थेट शिक्षणाशी जोडलेले. लडाखच्या झंस्कार खोऱ्यातील रस्ते हिवाळ्यात बंद व्हायचे, तेव्हा बाप आपल्या मुलांना गोठलेल्या नदीवरून चालवत लेहच्या वसतिगृहात पोहोचवत. त्या नदीच्या बर्फाला 'चादर' म्हणतात. पुढे चालणारा काठी आपटून आवाज ऐकायचा, रंग पाहायचा. बर्फ फुटलेला असेल तर सगळे काठावरच्या गुहेत थांबायचे, पुन्हा गोठेपर्यंत. मार्च २०२४ मध्ये निम्मूकडून पदुमकडे जाणारा रस्ता जोडला गेला. ते चालणे आता बरेचसे हौसेचे झाले आहे, आणि प्रशासन बर्फ पाहून, वैद्यकीय तपासणी करून मगच सोडते. त्या बापांना शाळा सुरू होण्याची तारीख माहीत नव्हती असे नाही.

तेव्हा आमच्या मुला-मुलींच्या अर्जाबद्दल माझे मत असे. पाठवावे. मुलींनाही पाठवावे; बर्फाची परीक्षा करायला डोळे, कान आणि धीर लागतो, तो त्यांच्यापाशी कमी नाही. पण सही करण्यापूर्वी पालकांनी शिबिर चालवणाऱ्याला काही गोष्टी विचाराव्यात, आणि संकोच करू नये. हिमस्खलनाचा इशारा रोज कोण पाहणार? किती वाजता, कोठवर पोहोचले तरी मागे फिरायचे, हे आधी ठरले आहे काय? चढाई रद्द झाली तर त्या दिवशी मुले काय करतील? एका प्रशिक्षकामागे किती मुले? उंचीची सवय व्हावी म्हणून किती दिवस ठेवले आहेत? मागील वर्षी किती वेळा अर्ध्यातून परत आलात? या शेवटच्या प्रश्नाला "एकदाही नाही" असे अभिमानाने उत्तर आले, तर फॉर्म घडी करून खिशात ठेवावा आणि दुसरे शिबिर शोधावे. परतीचे तिकीट दोन-तीन दिवस पुढचे काढा. त्याचा जादा खर्च संस्थेने सोसावा, अशी विनंती मी अध्यक्षसाहेबांना या व्यासपीठावरूनच करतो.

मुलांनो, सभागृहाबाहेर विज्ञान विभागाच्या टेबलावर कुऱ्हाड, क्रॅम्पॉन आणि दोन आइस स्क्रू ठेवले आहेत. बंदरावरून बर्फाची एक लादीही आणवली आहे. स्क्रू फिरवून पाहा. कडेच्या स्वच्छ भागातून आणि मधल्या पांढऱ्या गाभ्यातून निघणारी कांडी शेजारी शेजारी ठेवून पाहा. टोके धारदार आहेत, लहानांना जपून.